मालकी मोठी, की हिशेब?

जमीन आपली आणि तिच्या पोटातले खनिज सरकारचे, ही आपल्याकडची समजूत इतकी पक्की आहे की अमेरिकेतल्या शेतकऱ्याला तेलाचा वाटा मिळतो हे ऐकूनच अनेकांना हेवा वाटतो. तिथे जमिनीखालच्या तेलाची मालकी खासगी असू शकते. जमीन विकून खालचे खनिज स्वतःकडे ठेवताही येते. त्यामुळे नॉर्थ डकोटात शेत एकाचे, तेल दुसऱ्याचे आणि तो दुसरा भलत्याच राज्यात राहणारा, असे सर्रास आढळते. खाणग्रस्तांच्या प्रश्नांवर बोलताना ‘आपल्याकडेही अशी मालकी हवी’ असा सूर अधूनमधून निघतो. पण या तेलमालकांचा अनुभव नीट पाहिला तर वेगळेच दिसते. मालकीच्या कागदाने त्यांचे जेवढे रक्षण केले, त्याहून अधिक विहीरनिहाय खुल्या आकडेवारीने केले. आणि जिथे हिशेब झाकलेला राहिला, तिथे मालकी असूनही ते नाडले गेले.

आधी हा वाटा असतो केवढा ते पाहू. नॉर्थ डकोटाच्या बाकेन खडकात आडव्या विहिरीसाठी सहसा 1280 एकरांचा गट धरतात. त्यात एखाद्याचे दहा एकरांचे खनिज आहे आणि रॉयल्टी तीन-सोळांश, म्हणजे 18.75 टक्के ठरली आहे असे समजू. विहिरीने पहिल्या महिन्यात 30 हजार पिंपे दिली आणि भाव 70 डॉलर असला, तर त्याच्या हाती करापूर्वी सुमारे तीन हजार डॉलर येतात. मात्र बाकेनच्या विहिरीचा जोर पहिल्याच वर्षात साधारण दोन-तृतीयांशाने ओसरतो. वर्षाने उत्पादन दहा हजार पिंपांवर आले आणि भाव 50 डॉलरवर घसरला, तर तोच धनादेश सव्वासातशे-साडेसातशे डॉलरांचा होतो. पहिल्या धनादेशावर बारा महिन्यांचे गणित मांडून कर्ज काढणारा इथेच फसतो. भावाची घसरण ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. 2014 च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेले पिंप 2016 च्या सुरुवातीला तिशीच्या खाली गेले होते.

शिवाय कंपनीचा नफा आणि मालकाचा नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाला वाटा मिळतो तो एकूण विक्रीतून. खोदाईचा खर्च त्याच्या माथी नसतो. म्हणून कंपनीला तोट्यात गेलेली विहीरही मालकाला पैसे देत राहते. उलट बाजूही आहे. खोदायचे केव्हा हे कंपनी ठरवते. भाव पडला तेव्हा बाकेनमध्ये शेकडो विहिरी खोदून, पण खडक न फोडता तशाच ठेवल्या गेल्या. मालकाने कंपनीला दिलेल्या भाडेपट्ट्यातली एक विहीर चालू असली तरी बहुधा तो सगळा पट्टा जिवंत राहतो. मालकाला दुसरी कंपनी शोधता येत नाही. त्याच्या हातात उरते ते फक्त लक्ष ठेवणे.

ते लक्ष कसे ठेवता येते, हे राज्यागणिक बदलते. नॉर्थ डकोटात प्रत्येक विहिरीचे दरमहाचे तेल, वायू आणि पाणी यांचे आकडे सरकार प्रसिद्ध करते. मालक आपला धनादेश त्यांच्याशी पडताळून पाहू शकतो. तिथला कायदा रॉयल्टी 150 दिवसांत न दिल्यास थकबाकीवर वार्षिक 18 टक्के व्याज लावतो. आकडा हाती असेल तरच अशा कलमाला धार येते. टेक्सास हे तेलाचे माहेरघर, पण तिथे तेलाचे उत्पादन विहीरनिहाय नव्हे, भाडेपट्टानिहाय कळवले जाते. एका पट्ट्यात अनेक विहिरी असल्या तर कोणती दमली हे अंदाजानेच ताडावे लागते. पेनसिल्व्हेनियाचा धडा सर्वांत कडू आहे. तिथे 1979 च्या कायद्याने किमान साडेबारा टक्के रॉयल्टीची हमी दिली. मग वायू गोळा करणे, दाबणे, वाहून नेणे असे विहिरीनंतरचे खर्च वजा करूनही ही हमी पाळली जाते, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला. टक्का कागदावर तसाच राहिला आणि रक्कम वितळली. या वजावटींवरून राज्याच्या महाधिवक्त्यांनी 2015 मध्ये चेसापीक एनर्जीवर दावा लावला. कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 2021 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. म्हणजे उत्पादन खुले असून भागत नाही. विक्रीचा भाव आणि वजावटही खुली लागते.

यावर पहिला आक्षेप कंपन्यांचा असतो. विहिरीचे आकडे हे व्यवसायाचे गुपित आहे, ते उघड झाले तर शेजारची कंपनी फुकटात शहाणी होईल. यात तथ्य आहे. म्हणूनच नॉर्थ डकोटा नव्या विहिरीची माहिती सहा महिने गोपनीय ठेवू देते. तरीही तिथे उद्योग थांबला नाही. 2014 मध्येच राज्याचे उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्या पुढे गेले होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सामान्य माणसाला हे तक्ते कळतात का? प्रत्येकाला कळत नाहीत, आणि कळायची गरजही नाही. तालुक्यातल्या एका वकिलाला, एका पत्रकाराला, एका संघटनेला कळले तरी पुरते. झाकलेला तक्ता मात्र कुणालाच कळत नाही.

आपल्याकडे खनिजमालकीचा वाद वाटतो तितका संपलेला नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटले की, कायद्याने काढून घेतलेली नसेल तर जमिनीखालची मालकी जमीनमालकाचीच असते. तो वाद न्यायालयांत चालू दे. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळच्या खाणपट्ट्यांतल्या गावांचा संबंध आज येतो तो खाणग्रस्तांच्या हितासाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाशी. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावाने दिलेल्यांवर 10 टक्के रक्कम त्यात जमा व्हायची असते. हा टक्का ज्या उत्पादनावर मोजतात, ते किती हे गावाला ठाऊक नसेल तर टक्क्याला अर्थ काय? कोळसा वगळता बहुतेक मोठ्या खनिजांचे खाणमालक नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडे दरमहा विवरणपत्र भरतात, म्हणजे आकडे गोळा करण्याची नवी यंत्रणा उभारायची नाही. राज्य सरकारने प्रत्येक खाणीचे मासिक उत्पादन, विक्रीचा भाव आणि प्रतिष्ठानात भरलेली रक्कम मराठीत, खाणीच्या नावानिशी, त्या-त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि सुरुवात पुढच्या ग्रामसभेपासून करावी.