'पहिली महिला' ठीक, पण निर्णय कुणाच्या बाजूने?

2023 मध्ये राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकात तलवार धरून उभ्या राहिलेल्या पेनी मॉर्डंट यांचं जगभर कौतुक झालं. 2019 मध्ये त्या ब्रिटनच्या पहिल्या महिला संरक्षणमंत्री झाल्या होत्या. स्त्री म्हणून ही मजल मोठीच. पण आंबेडकरी चळवळीने त्यांचं मोजमाप दुसऱ्याच निर्णयावरून करायला हवं.

ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्यात मंत्री जातीचा समावेश 'करू शकतात' एवढंच होतं. तिथल्या दलित संघटना झगडल्या, हाउस ऑफ लॉर्ड्सने साथ दिली, आणि 2013 मध्ये ते 'केलाच पाहिजे' असं झालं. जुलै 2018 मध्ये महिला व समता खात्याच्या मंत्री म्हणून मॉर्डंट यांनी हे बंधनच रद्द करायची घोषणा केली. कारण काय, तर न्यायालयाचे निवाडे पुरेसे आहेत!

पुरेसे कुणाला? मालकाच्या घरी राबणाऱ्या बाईने आधी वकील शोधायचा, मग आपली जात 'वांशिक मूळ' या शब्दांत बसते हे सिद्ध करायचं? आपल्या संविधानाने अस्पृश्यतेचा प्रश्न निवाड्यांच्या भरवशावर सोडला नाही. कलम 17 मध्ये स्पष्ट शब्दांत ती नष्ट केली.

खुर्चीवर स्त्री बसली की समता आपोआप येते, हा भ्रम सोडा. त्या खुर्चीवरून निर्णय कुणाच्या बाजूने झाला, ते विचारा.

जय भीम!