आधी चौक, मग खुर्च्या

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोराला जागा कमी पडली, तर ते किल्ला मोडीत नाही. शेजारी एक बुरूज वाढवते. वाचकहो, एवढे साधे शहाणपण शाळा-महाविद्यालयांच्या इमारती वाढवताना कुठे जाते?

मुंबईची जे. जे. वास्तुशाळाच घ्या. १८५७ साली निघालेल्या कलाशाळेत पुढे वास्तुकलेचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९५८ साली त्याचे वेगळे महाविद्यालय झाले, आणि २०२३ साली तिथल्या तिन्ही संस्था मिळून अभिमत विद्यापीठ झाले. आनंद आहे! पण विद्यापीठ म्हटले की नवे अभ्यासक्रम आले, नवी मुले आली, आणि जागेचा प्रश्नही आला.

अशा वेळी नेहमी दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, पाडा आणि मजल्यांवर मजले चढवा. दुसरा म्हणतो, जुन्याला बोट लावू नका. मला दोन्ही अमान्य.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. आमच्या वर्गात एका बाकावर तिसरे पोर सरकवून घेता येते. पाढे तरीही होतात. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला मात्र नकाशाचे मेज हवे, पुठ्ठ्याचे नमुने ठेवायला फळी हवी, चित्रे लावायला भिंत हवी, एकमेकांच्या कामावर वाद घालायला पडवी हवी. नुसत्या खुर्च्या मोजून ‘जागा वाढवल्या’ म्हणणे ही त्याची फसवणूक आहे.

मग वाढवावे कसे? आमच्या नाशकातल्या जुन्या वाड्यांसारखे. कुटुंब वाढले की एका चौकामागे दुसरा चौक येई, आणि उजेड-वारा दोन्हींकडे खेळे. कोणी म्हणेल, ‘मास्तर, तेच वाडे पावसाळ्यात कोसळतात!’ कोसळतात खरे. पण चौकामुळे नव्हे, डागडुजी टाळल्यामुळे.

हे कादंबरीकाराचे स्वप्नरंजन नव्हे. १९२७ साली पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी जे. जे.मध्येच शिकले. त्यांनी १९६२ साली अहमदाबादेत वास्तुशाळा काढली. गरज वाढली तशा तिथे एकेक इमारती शेजारी उभ्या राहिल्या. मधली मोकळी जागा आणि झाडे राहिली. २०१८ साली दोशींना वास्तुकलेतला जगात मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. जे. जे.च्या विद्यार्थ्याला जे अहमदाबादेत साधले, ते जे. जे.त किंवा नाशकातल्या वास्तुकला महाविद्यालयांत का साधू नये?

माझे म्हणणे तीनच गोष्टींचे: जुने दुरुस्त करा, नवे त्याच्या शेजारी बांधा, आणि प्रवेश त्यानंतर वाढवा. नकाशा काढताना तिथल्या मुलांनाही विचारा. त्यांचा याहून चांगला धडा कोणता?

दिवसा दिवे लावून, दाटीवाटीने शिकलेली मुले उद्या तशीच घरे बांधतील. आणि त्या घरांत राहायचे आहे ते तुम्हाआम्हालाच.