स्टेंट भारी आहे म्हणून गोळ्या बंद करू नका

“डॉक्टर, सगळ्यात महागडा स्टेंट टाकलाय, आता या गोळ्या कशाला?” मीरा रोड-भाईंदरच्या माझ्या रुग्णांकडून हा प्रश्न मी सतत ऐकतो. चूक त्यांची नाही. ‘बायोकॉम्पॅटिबल’ हा शब्द आपणच त्यांच्या कानावर घातला. त्यांना वाटते, रक्ताला हा धातू परका वाटतच नाही.

वाटतो! रक्त लागताच काही सेकंदांत स्टेंटवर प्रथिनांचा थर बसतो. आधी अल्ब्युमिन, कारण ते रक्तात सर्वांत जास्त. मग त्याला हटवून फायब्रिनोजेनसारखी मोठी प्रथिने जागा घेतात. याला व्रोमन परिणाम म्हणतात (लिओ व्रोमन हे डच शास्त्रज्ञ नामवंत कवीही होते). अल्ब्युमिनवर प्लेटलेट सहसा चिकटत नाहीत. फायब्रिनोजेन मात्र चिकटताना आकार बदलते, त्याचे झाकलेले भाग उघडे पडतात आणि प्लेटलेट नेमके तेच पकडतात. गुठळीची सुरुवात ही अशी.

कोणते प्रथिन किती घट्ट बसेल, हे पृष्ठभागाच्या रसायनावर ठरते: तो पाणी धरतो की झटकतो, त्यावर विद्युतभार कोणता, लेप कसला. लेप सुधारले आहेत, हे मान्य. पण रक्त ज्याची दखलच घेत नाही असा स्टेंट आज बाजारात नाही. शिवाय औषधी स्टेंटमधले औषध नळी पुन्हा अरुंद होऊ देत नाही, पण त्यामुळेच धातूवर शरीराचे स्वतःचे अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर राखण करतात त्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर.

फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने कमाल किंमत बांधली: साधा स्टेंट 7,260 रुपये, औषधी 29,600. तरीही ‘महाग म्हणजे निर्धोक’ ही समजूत गेली नाही. मग दात काढायचा म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने दोन्ही गोळ्या एकदम बंद होतात. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मोठा हार्ट अटॅक येतो. अनेकदा जीवही जातो.

दोन्ही गोळ्या साधारणपणे 6 महिने, हार्ट अटॅकनंतर 12. रक्तस्रावाचा धोका असेल तर कार्डिओलॉजिस्ट मुदत कमी करतात. पुढे एक गोळी चालूच राहते.

डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘डीएपीटी’ लिहून भागणार नाही. दोन गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत आणि त्यानंतर कोणती एक, हे मराठीत लिहून द्या. रुग्णांनो, ते लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.