विहिरीकाठचे जळके तेल

जुन्या पिकअप गाडीचे इंजिनतेल पुष्कळ ठिकाणी विहिरीच्या काठीच बदलले जाते. कारण एवढेच की, हात धुण्यास पाणी जवळ असते. ही चाल सोडली पाहिजे. सांडलेले तेल झिरपून त्याच पाण्यात जाऊ शकते.

गाडी जुनी, तेव्हा सांडासांड व्हायचीच, ही समजूतही खरी नव्हे. इंजिन थोडे चालवून बंद करावे. कोमट तेल लवकर निथळते. खाली पसरट घमेले ठेवावे. तळाचे बूच पान्याने सैल करून पुढे हाताने आत दाबत फिरवावे व आटे सुटताच चटकन बाजूस घ्यावे. फिल्टर मात्र खरा खोडकर! त्यावर पिशवी चढवूनच तो काढावा.

जमलेले तेल वाळवीसाठी बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठविणाऱ्या गॅरेजात पोचवावे.