फुलवालीचे उच्चार आणि प्राध्यापकाच्या सपाता

जुन्या इंग्रजी विनोदी चित्रपटांचा विषय निघाला, की १९३८ सालच्या 'पिग्मॅलियन'ची गणना हटकून प्रेमकथांमध्ये केली जाते, आणि याच आठवड्यात एका चित्रपट-कार्यक्रमाच्या माहितीपत्रकातही त्याचा परिचय तसाच छापलेला आढळला. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी ज्या समजुतीविरुद्ध लेखणी झिजवली, तीच समजूत त्यांच्या कलाकृतीला अजून चिकटून राहावी, ही गोष्ट या सदराला मुकाट्याने सोडून देता येत नाही.

शॉ यांचे मूळ नाटक १९१३ मध्ये प्रथम व्हिएन्नात आणि १९१४ मध्ये लंडनला रंगभूमीवर आले. चित्रपटाचे दिग्दर्शन अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांनी केले असून, प्राध्यापक हिगिन्स हॉवर्ड यांनीच, तर फुलवाली एलायझा वेंडी हिलर यांनी रंगवली आहे. पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर मिळाले. साहित्याचे नोबेल त्यांना १९२५ सालचे आधीच मिळालेले होते.

हिगिन्स हा ध्वनिशास्त्राचा, म्हणजे मुखातून निघणारे वर्ण कसे घडतात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचा पंडित आहे. कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतली बोली, बोलणाऱ्या मुलीला काही महिन्यांत उमरावाघरची स्त्री म्हणून खपवून दाखवण्याचा विडा तो उचलतो. शॉ हे समाजवादी फेबियन संस्थेचे आघाडीचे विचारवंत असल्यामुळे ही पैज त्यांच्या दृष्टीने निव्वळ गमतीची नव्हती. ज्या भेदाला समाज कुलशील म्हणतो, त्याचा केवढा भाग जिभेच्या वळणावर उभा आहे, हे त्यांना दाखवायचे होते. चित्रपटात हिगिन्स एलायझाच्या तोंडात गोट्या भरून तिच्याकडून वाक्ये वदवून घेतो, तिच्याकडून एक गोटी गिळली जाते, आणि आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत असे तो निर्विकारपणे सांगतो. प्रेक्षक खळखळून हसतात. पण मुलीचा जीव आणि काचेची गोटी यांत त्या शिक्षकाला मोलाचा फरक वाटत नाही, ही गोष्ट त्या हास्यातूनच पोचते, आणि विनोदाचे याहून गंभीर काम दुसरे कोणते असू शकेल असे वाटत नाही. पुढे राजदूताच्या मेजवानीत, जो प्रसंग मूळ नाटकात दोन अंकांच्या मधल्या अवकाशात घडून जातो, एक भाषातज्ज्ञ तिची पारख करतो आणि ती हंगेरीची राजकन्या असल्याचा निर्वाळा देतो, कारण इतके निर्दोष इंग्रजी शिकलेला परकाच बोलू शकेल, अशी त्याची खात्री असते.

चित्रपटाचा शेवट मात्र अक्षम्य आहे. पैज जिंकल्यावर आपले पुढे काय होणार, हा एलायझाचा प्रश्न नाटकाचा कणा आहे. त्या प्रश्नाची दखलही न घेणाऱ्या हिगिन्सवर तिने त्याच्याच सपाता भिरकावलेल्या असतात, आणि त्याचीच विद्या इतरांना शिकवून पोट भरण्याची भाषा तिने केलेली असते. ती एलायझा चित्रपटाच्या अखेरीस परत येते, आणि हिगिन्स तिला आपल्या सपाता कुठे आहेत असे विचारतो. शॉ यांनी १९१६ मध्येच नाटकाला पुस्ती जोडून एलायझा तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रेडी या तरुणाशी लग्न करून फुलांचे दुकान काढते, असे स्वच्छ लिहून ठेवले होते. तरीही चित्रपटाने दिलेली कलाटणीच पुढे याच नाटकावर बेतलेल्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेने उचलली आणि जगभर रूढ केली.

मराठीत हे नाटक पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' म्हणून आणले आणि भक्ती बर्वे यांनी त्यातली मंजुळा, म्हणजे मराठी एलायझा, अजरामर केली. शॉ यांचा मुद्दा मराठी मातीत कसा रुजला याची चर्चा करताना समीक्षक भाषांतराच्या कौशल्यापाशी थांबतात, पण उच्चारावरून माणूस जोखण्याचा हा विषय मराठी समाजाला त्याहून पुष्कळ जवळचा आहे. दंत्य 'न' म्हणजे जीभ दातांच्या मुळाशी टेकवून आणि मूर्धन्य 'ण' म्हणजे जीभ उलटी वळवून टाळूला लावून केलेला उच्चार. ध्वनिशास्त्राच्या लेखी दोघांत उच्चनीच काहीच नाही. तरीही 'पानी' म्हणणाऱ्या मुलाकडे वर्ग वळून पाहतो, आणि वऱ्हाडातून पुण्यात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडून 'शाळा'ऐवजी 'शाया' निघून गेले, की त्याची हुशारी तिथल्या तिथे दोन पायऱ्या खाली उतरवली जाते. 'ळ'च्या जागी 'य' येणे ही त्या बोलीची नियमित, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली व्यवस्था आहे; तिच्यात आळस नाही आणि अज्ञानही नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची खानदेशी बोलीतली गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि पाठ्यपुस्तकांत गेली. त्या कविता चाल लावून म्हणणाऱ्या वर्गातच खानदेशच्या मुलीने उत्तर द्यायला उभे राहताना आधी मनात दोनदा उच्चार घोळवून पाहावा लागतो, हे दुःख अनेक घरांत परिचयाचे आहे.

प्रमाण मराठी, म्हणजे लेखन, शिक्षण आणि कारभार यांसाठी सर्वांनी स्वीकारलेले भाषेचे रूप, शिकवूच नये असे येथे मुळीच सुचवायचे नाही; एलायझालाही प्रमाण भाषा हवीच होती, फुलांच्या दुकानात नोकरी मिळावी म्हणून ती स्वतःच्या पैशांनी शिकवणी लावायला आली होती. परंतु वक्तृत्वस्पर्धांच्या गुणपत्रिकेत 'शुद्ध उच्चार' असा वेगळा रकाना ठेवून विचारांच्या बरोबरीने त्याला गुण देणे थांबले पाहिजे, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या त्या जिल्ह्याच्या बोलीची ध्वनिव्यवस्था हा नेमलेला विषय असला पाहिजे, म्हणजे नंदुरबारला रुजू होणाऱ्या शिक्षिकेला समोरच्या मुलाचे कुठे चुकले आणि कुठे तो आपल्या आईच्या भाषेत अगदी बरोबर बोलला, हे पहिल्याच दिवशी ओळखता येईल.