बादलीत बुडवू नका, आधी ठरवा!

सुट्टीत घरी गेलात की खुराड्यात डोकावून बघा. एखादी कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली असेल. हात नेला की गुरगुरेल, चोच मारेल. दाणे टाका, उठणार नाही. हीच खुडूक कोंबडी. तिच्यावरचे इलाजही ठरलेले : थंड पाण्यात बुडवा, नाकात पीस घाला, पाय बांधून ठेवा.

माझं म्हणणं सरळ आहे. हे इलाज आपल्या पिढीने बंद करावेत.

मीही ते केलेत. मागच्या मे महिन्यात धरणगावला आमच्या परसात मी कोंबडीला तीन दिवस रोज बादलीत बुडवलं. पिसं सुकली की ती पुन्हा रिकाम्या टोपलीत! शेवटी आजी म्हणाली, "बेटा, ती काय आळशी आहे का? तुला अंडी पाहिजेत की पिल्लं, ते आधी ठरव."

आजीचं बरोबर होतं. खुडूक होणं हा आजार नाही, हट्टही नाही. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी थांबतात आणि तिचं शरीर 21 दिवस बसायला तयार होतं. मग बादलीने काय होणार?

पिल्लं हवीत? मग बसू द्या. कोंबडा फिरत असलेल्या कळपातली दहा-बारा ताजी अंडी ठेवा, दाणा-पाणी जवळ द्या. आपल्याकडे मे महिना मात्र टाळा. पारा चाळिशीपार जातो, तेव्हा साठवलेल्या अंड्यातला जीव अर्धवट वाढून मरतो. मी आठ दिवस पत्र्याखाली ठेवलेली दहा अंडी बसवली आणि पिल्लं निघाली दोन. चूक कोंबडीची नव्हती.

अंडी हवीत? मग तळाला जाळी असलेला पिंजरा विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. आत गवत नको. सावली, उजेड, दाणा, पाणी द्या. बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत ताळ्यावर येतात. जितक्या लवकर ओळखाल तितकं सोपं. तिला नुसतं रिकाम्या टोपलीत आठवडेच्या आठवडे बसू देणं मात्र सगळ्यात वाईट. ती खात नाही, वाळते, अंगावर उवा होतात.

"एका कोंबडीसाठी एवढं?" असं म्हणाल. पण अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत आई-आजीच्या हातात राहतात. आपल्या कितीतरी झेरॉक्स आणि बसपास त्यातूनच निघालेत. शिवाय जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या व्हाइट लेगहॉर्नमध्ये खुडूक होणं जवळपास संपलंय. झाबुआची कडकनाथ इतकी गाजते, पण तीही क्वचितच नीट बसते, म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात. म्हणजे ज्या सवयीला आपण बादली दाखवतो, तीच विजेशिवाय चालणारी उबवणी आहे.

तेव्हा यंदा हिवाळ्यात एकदा बसवून बघा. सातव्या रात्री अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं, तर आजीला हाक मारा. नाही दिसलं, तर ते अंडं काढून घ्या आणि बाकीची गुपचूप तिच्या पोटाखाली सरकवा. चोच बसेल एखादी. चालतंय!