रिस्क लो, टेन्शन हाय!

ज्यांनी मुंबईच्या लोकलला लटकत कॉलेज केलं, त्यांना बलबीर पाशा नक्की आठवत असेल. २००२च्या अखेरीस स्टेशनांवर, बसस्टॉपवर, होर्डिंगवर एकच प्रश्न झळकायला लागला : ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ हा बाबा कोण, कुठला, कुणाला पत्ता नाही, पण अख्खं शहर त्याच्या तब्येतीची चौकशी करत होतं! टवाळी झाली, वादही झाले. पण जो प्रश्न माणूस मनातल्या मनात विचारायलाही टरकतो, तो भर चौकात मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता, हे कबूल करायलाच हवं.

आजचा बलबीर पाशा हिंजवडीला नाहीतर अंधेरी ईस्टला जॉब करतो. पॅकेज चांगलं, मेडिक्लेम कंपनीचा, मोबाइलमध्ये दोन डेटिंग ॲप्स. आणि रात्री दीड वाजता पांघरुणात तोंड खुपसून तो गूगलला विचारतो, ‘मला होईल का?’

एवढ्या खात्रीनं सांगतोय, कारण असले कॉलम लिहिणाऱ्याला लोक काहीही विचारतात. गेल्या वर्षभरात चौघांनी मला हाच प्रश्न विचारला. त्यातल्या तिघांच्या बाबतीत घाबरण्यासारखं जवळपास काहीच घडलं नव्हतं. एकानं पार्टीत एका मुलीला किस केलं होतं, बस्स. दुसरीनं बॉयफ्रेंडबरोबर कंडोम वापरला होता, तो फाटला नाही, निसटला नाही, तरी तिची झोप उडाली. तिसरे आमचे एक साहेब. ऑफिसच्या ट्रिपला मसाज घ्यायला गेले आणि तिथे मसाजपेक्षा थोडं जास्त झालं. सगळा मामला हाताचा. चौथ्याकडे नंतर येतो.

साहेबांचं लग्न झालेलं, घरी दोन वर्षांची मुलगी. ट्रिपवरून आल्यावर तिसऱ्या दिवशी घसा धरला. एसी बसमध्ये रात्रभर बसलं की धरतोच, पण साहेबांनी गूगल उघडलं. एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणं : ताप, घसादुखी, थकवा, अंगावर पुरळ. झालं! ही लक्षणं दिसायची असली तर साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसतात, तिसऱ्या दिवशी नव्हे, ही ओळ त्याच पानावर असणार. ती वाचायला डोकं ठिकाणावर लागतं. मग रोज आरशात जीभ बघणं. मानेच्या गाठी दिवसातून वीस वेळा दाबणं, आणि दाबून दाबून दुखायला लागल्या की ‘बघ, गाठी दुखतायत!’ दहाव्या दिवशी टेस्ट, निगेटिव्ह. पण विंडो पीरियडचं काय? मग दुसरी लॅब, तिसरी लॅब. एकूण सहा टेस्ट, शेवटची तर खोट्या नावानं. टॉवेल वेगळा, कप वेगळा. बायकोला सांगितलं, व्हायरल आहे. संध्याकाळी दार उघडलं की मुलगी हात वर करून उभी आणि हे थेट बाथरूममध्ये, हात धुवायला. दोन महिने त्यांनी मुलीचा पापा घेतला नाही. हे मला सांगताना त्यांचा आवाज जो फाटला, तो टेस्टबद्दल सांगताना फाटला नव्हता.

आता फंडा जरा क्लिअर करू. एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला किंवा गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून. लाळ, घाम, अश्रू यांतून नाही. धडधाकट कातडीतून नाही. कप, टॉवेल, टॉयलेट सीट, स्विमिंग पूल, डास यांतून तर नाहीच नाही.

आकडेच हवे असतील तर अमेरिकेच्या सीडीसीनं मांडलेले घ्या. जोडीदार एचआयव्हीबाधित, औषधं सुरू नाहीत आणि कंडोम नाही, असं धरून : योनीसंभोगात पुरुषाला लागण व्हायची शक्यता दर दहा हजार वेळांमागे ४, बाईला ८. गुदसंभोगात ‘घेणाऱ्या’ला १३८. मुखमैथुनात इतकी कमी की धड आकडाच देता येत नाही. आणि बाधित माणूस नीट औषधं घेत असेल, त्याच्या रक्तातला विषाणू टेस्टमध्ये सापडण्याइतकाही उरला नसेल, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पार्टनर नावाच्या मोठ्या युरोपीय अभ्यासात अशा जोडप्यांमध्ये एकमेकांकडून झालेल्या लागणी निघाल्या शून्य.

अर्थात सरासरी ती सरासरी. पहिल्याच फटक्यात लागण झालेलेही असतात, त्यामुळे ‘दहा हजारांत चारच ना, चलता है’ असला हिशेब कुणी करू नका, बरं का.

आणि एचआयव्ही म्हणजे सगळं नव्हे. हर्पिस आणि एचपीव्ही नुसत्या कातडीच्या स्पर्शानंही पसरतात, कंडोम तिथे पूर्ण पुरत नाही. सिफिलिसचं व्रण तोंडात असेल तर किसमधूनही तो लागू शकतो, क्वचित. पण ओठावर जर येणारा हर्पिस जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पन्नाशीच्या आतल्या दर तिघांत जवळपास दोघांना असतो, आणि बहुतेकांना तो लहानपणीच कुणा मावशी-काकूच्या पाप्यातून मिळालेला असतो! एचपीव्ही बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. गनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस योग्य औषधांनी बरे होतात. हेपटायटिस बीची लस आहे. फोड, स्राव, लघवीला जळजळ असं काही दिसलं तर डॉक्टर गाठायचा. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकचं पाकीट आणून स्वतःच डॉक्टर व्हायचं नाही.

खरंच रिस्क झाली असेल, म्हणजे कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही आणि समोरच्याची खात्री नाही, तर घड्याळ लावा. ७२ तासांच्या आत पेप सुरू करता येतं, २८ दिवसांची गोळ्यांची कोर्स. जितक्या लवकर, तितकं बरं. एरवी दंडातून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी फोर्थ जनरेशन टेस्ट ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, की विषय संपला. बोटाला टोचून होणाऱ्या रॅपिड टेस्टला ९० दिवस धरा.

साहेबांची सहावी टेस्ट पन्नासाव्या दिवशीची होती. विषय तिथेच संपायला हवा होता, पण संपला नाही. कारण माझ्या मते त्यांना विषाणूची भीती वाटतच नव्हती. त्यांना वाटत होतं, आपण जे केलं त्याची शिक्षा कुठून तरी यायलाच हवी. रिपोर्ट निगेटिव्ह येतो तेव्हा दोन तास बरं वाटतं, मग ‘पण सॅम्पल बदललं असेल तर?’ लग्नाचा, बायकोचा, सात फेऱ्यांचा विषाणूला काही गंध नाही, पण आपल्याला आहे ना! आपल्याकडे या आजारांचं नावच मुळी ‘गुप्तरोग’. र. धों. कर्वे १९२७पासून १९५३पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’मधून लोकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. आणि आपण अजून रेल्वेच्या भिंतीवरच्या ‘शर्तिया इलाज’वाल्याच्या जाहिराती चोरून वाचतो.

डॉक्टर याला हेल्थ अँक्झायटी म्हणतात, काहींच्या बाबतीत ओसीडी. त्यावर रीतसर उपचार आहेत. तपासायची, विचारायची, गूगल करायची उबळ आली तरी ती न पाळता बसून राहायचं, हे हळूहळू शिकवतात. साहेब आता एका समुपदेशकाकडे जातात. पहिलं होमवर्क मिळालं ते आरशावर पेपर चिकटवायचं. दुसरं, घरी गेल्यावर हात न धुता मुलीला उचलायचं. उचललं. बायकोला सांगायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

दुसरीची कथा वेगळी. ती टेस्टसाठी एका डॉक्टरीणबाईंकडे गेली, तर पहिला प्रश्न ‘मिसेस ना?’ नाही म्हटल्यावर बाईंनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की ती टेस्ट न करताच उठली. तिची भीती रिस्कमुळे किती आणि त्या चष्म्यामुळे किती, सांगता येणार नाही.

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत टेस्ट फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. २०१७च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. फोनवर विचारायचं तर १०९७, टोल-फ्री. आणि पॉझिटिव्ह निघालात तर सरकारकडून औषधं २००४पासून फुकट आहेत. रोज गोळी घेऊन माणसं नोकऱ्या करतात, लग्न करतात, म्हातारी होतात.

राहिला चौथा. यानं प्रश्न हसत हसत विचारला होता, बिअरचा ग्लास हातात धरून. वर्षभरात पाच-सहा जणी, कंडोम ‘मूड असला तर’, टेस्ट एकही नाही. ‘अरे, आपल्याला काय होतंय!’ चौघांत मला काळजी वाटते ती याची एकट्याची. त्याला जवळच्या केंद्राचा पत्ता दोनदा पाठवलाय. दोन्ही वेळा ब्लू टिक आली, पुढे काही नाही.